वेश्येची विल्हेवाट : 'माणूस' (१९३९) ते 'गंगूबाई काठियावाडी' (२०२२) या काळातील काही चित्रपटांचे शेवट आणि कायद्याची दृष्टी

प्रास्ताविक

हिंदी-मराठी चित्रपटांतील वेश्येच्या चित्रणाविषयी बोलताना समीक्षक बहुधा कोठा, मुजरा, वेशभूषा, गीते आणि त्यागमूर्ती नायिका यांचा विचार करतात. त्या मानाने एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले आहे. ती म्हणजे चित्रपटाच्या शेवटी या स्त्रीचे काय केले जाते? शेतकरी, कारकून किंवा शिक्षक हा नायक असेल तर कथा संपताना तो आपल्या जागी राहू शकतो. वेश्येला मात्र कथेअखेर आपल्या जागी राहू दिले जात नाही. तिला मरावे लागते, तुरुंगात जावे लागते, लग्न करावे लागते अथवा गाव सोडावे लागते. तिची कोठेतरी विल्हेवाट लावल्याखेरीज पडदा पडत नाही.

हाच प्रश्न कायद्यापुढेही होता. मुंबई प्रांतात १९२३ साली वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ साली संसदेने स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापारास आळा घालणारा अधिनियम संमत केला. १९७८ आणि १९८६ साली त्यात दुरुस्त्या झाल्या. या कायद्याने देहविक्रय हा स्वतःहून गुन्हा ठरविलेला नाही. कुंटणखाना चालविणे, वेश्येच्या कमाईवर जगणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे ठरविले आहेत. परंतु छाप्यानंतर जी स्त्री हाती लागते तिला कोठे ठेवायचे, यासंबंधी कायद्यात तपशीलवार तरतुदी आहेत. कलम १७ अन्वये दंडाधिकारी तिला एक ते तीन वर्षांपर्यंत संरक्षणगृहात पाठवू शकतो. १९७८ साली घातलेल्या कलम १०अ अन्वये तिची रवानगी दोन ते पाच वर्षे सुधारसंस्थेत होऊ शकते. कलम २० नुसार तिला एखाद्या ठिकाणाहून हलविण्याचा आदेश देता येतो. पटकथालेखक आणि विधिलेखक हे दोघे एकाच प्रश्नाची उत्तरे शोधत होते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. ही उत्तरे परस्परांशी कोठे जुळतात आणि कोणत्या थोड्या चित्रपटांनी ती मान्य करण्याचे नाकारले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

शब्दयोजनेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. अलीकडे 'सेक्स वर्कर' किंवा 'देहविक्रय करणारी स्त्री' असे शब्द योजले जातात आणि त्यांमागील भूमिका योग्यच आहे. तथापि सांगलीत १९९६ साली या स्त्रियांनी स्वतःची संघटना उभारली, तेव्हा तिला 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' असेच नाव दिले. ज्यांचा तो शब्द आहे त्यांनी तो टाकला नाही. म्हणून येथेही तो टाळलेला नाही.

पडद्यावर येण्याचा प्रश्न

वेश्या ही चित्रपटाचा विषय होण्यापूर्वी चित्रपटात काम करणारी स्त्री म्हणजे वेश्या अशी समजूत रूढ होती. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) साठी दादासाहेब फाळके यांनी स्त्रीपात्रांचा शोध वेश्यावस्तीपर्यंत नेला, तरी त्यांना यश आले नाही आणि तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या पडद्यावर आल्या. १९२७-२८ च्या भारतीय चित्रपटविषयक चौकशी समितीपुढेही नट्या कोणत्या वर्गातून येतात, हा विषय निघाला होता. पुढे 'अयोध्येचा राजा' (१९३२) मध्ये दुर्गाबाई खोटे यांच्या प्रवेशाला जे महत्त्व आले, त्याचे मोठे कारण त्यांचे घराणे हे होते. ज्या व्यवसायाला स्वतःच्याच नट्यांची प्रतिष्ठा अशी सिद्ध करून दाखवावी लागत होती, त्याने वेश्येचे पात्र रंगविताना ते आपल्यापासून दूर ठेवण्याची धडपड करावी, यात आश्चर्य नाही.

मैनेचा नकार

या पार्श्वभूमीवर प्रभात फिल्म कंपनीचा 'माणूस' (१९३९) हा धाडसी चित्रपट होता. व्ही. शांताराम यांनी तो मराठीत आणि 'आदमी' या नावाने हिंदीत काढला. प्रमथेश बरुआ यांच्या 'देवदास' ने (१९३५) प्रेमभंगाने झुरून मरण्याचे जे आकर्षण निर्माण केले होते, त्याला हे उत्तर होते, असे चित्रपटाच्या इतिहासकारांनी नोंदविले आहे. गणपत (शाहू मोडक) हा पोलीस शिपाई छाप्याच्या वेळी मैना (शांता हुबळीकर) हिला वाचवितो आणि दोघांत प्रेम निर्माण होते. मैनेचे गाजलेले गाणे अनेक भाषांतून आहे. प्रांतोप्रांतीच्या गिऱ्हाइकांशी तिला त्यांच्या त्यांच्या बोलीत बोलावे लागते, हा व्यवसायाचा एक भाग गाण्याच्या निमित्ताने सहज सांगितला जातो. मुजऱ्याच्या झगमगाटात असा तपशील पुढे क्वचितच सापडतो.

गणपत तिला या जीवनातून बाहेर काढू पाहतो. परंतु त्याच्या देवभक्त आईपुढे सून म्हणून उभे राहताना मैनेचे बळ सरते. तिच्या कमाईवर डोळा ठेवणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो, तिला शिक्षा होते, आणि गणपत तिला तुरुंगातून सोडवू पाहतो तेव्हा ती नकार देते. येथेही वेश्येची विल्हेवाट लागतेच. ती तुरुंगात जाते. परंतु प्रेमिक पोलीस शिपाई असल्यामुळे तिला वाचविणारा हात आणि बंदिस्त करणारा हात एकच आहे, ही गोष्ट प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे राहते. मैनेच्या नकाराला केवळ त्याग म्हणणे अपुरे वाटते. तिला दिलेली सुटका ही दुसऱ्याच्या अटींवरची आहे, हे तिने ओळखलेले असते.

१९५६ चा कायदा आणि लग्नाचा तोडगा

नवा अधिनियम १ मे १९५८ रोजी अमलात आला. त्याच सुमारास हिंदी चित्रपटाने वेश्येला विवाहाच्या दाराशी आणून उभे केले. 'प्यासा' (१९५७) मधील गुलाबो (वहिदा रहमान) शेवटी कवी विजयबरोबर दूर कोठेतरी निघून जाते. ते 'दूर' कोठे आहे हे चित्रपट सांगत नाही. बी. आर. चोप्रा यांच्या 'साधना' (१९५८) मध्ये आजारी आईच्या समाधानासाठी मोहन (सुनील दत्त) याच्या घरी चंपाबाई (वैजयंतीमाला) हिला खोटी सून म्हणून आणले जाते आणि अखेर ती खरी सून होते. नायक अध्यापक आहे, ही गोष्ट महाविद्यालयीन वाचकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. उद्धाराचे काम चित्रपटाने वारंवार शिकलेल्या पुरुषाकडे सोपविले आहे. आणि पुढे 'पिंजरा' मध्ये पतन व्हावयाचे होते तेव्हाही गुरुजीच निवडले.

'साधना' चा हेतू उदार होता आणि साहिर लुधियानवी यांच्या गीतांनी पुरुषसत्तेवर केलेला प्रहार आजही बोथट झालेला नाही. परंतु कायदा ज्या दिवशी अमलात आला त्याच दिवशी अलाहाबाद उच्च न्यायालयात एका तरुण वेश्येचा अर्ज आला होता, तो या चित्रपटाशेजारी ठेवून पाहावा. तिने पतीची मागणी केली नव्हती. संविधानाने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्यावर हा कायदा घाला घालतो, असे तिचे म्हणणे होते. अर्ज फेटाळला गेला. पुढे १९६० च्या दशकात कानपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना हलविण्याचे कलम २० वैध ठरविले. त्या अर्जदार स्त्रीसारखे पात्र त्या काळच्या कोणत्याही लोकप्रिय चित्रपटाला सुचले नाही. प्रेक्षकांच्या सहानुभूतीला एक अट होती. स्त्रीने आपल्या धंद्याची लाज बाळगली पाहिजे, मगच तिचे दुःख खरे.

वैजयंतीमाला यांचेच आणखी एक उदाहरण घेता येईल. बिमल रॉय यांच्या 'देवदास' (१९५५) मधील चंद्रमुखीसाठी त्यांना 'फिल्मफेअर' चे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक जाहीर झाले, ते त्यांनी नाकारले. आपली भूमिका पारोच्या तोडीची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुरस्काराच्या वर्गवारीतही वेश्येची जागा दुय्यमच मानली गेली होती, हे या नकारामुळे निदान नोंदले तरी गेले.

गल्ली आणि सेन्सॉर

कोठ्याच्या नेपथ्याला सेन्सॉर मंडळाची फारशी हरकत नसे. खऱ्या गल्लीचे चित्रण मात्र सहन झाले नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'चार शहर एक कहानी' (१९६८) हा सोळा मिनिटांचा कृष्णधवल अनुबोधपट होय. कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि दिल्ली या शहरांतील चैन व दैन्य यांचा विरोध त्यात दाखविला होता. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीतील काही क्षणांची दृश्ये होती. मंडळाने केवळ प्रौढांसाठी असे प्रमाणपत्र दिले. अपिलात केंद्र शासनाने ती दृश्ये कापल्यास सर्वांसाठीचे प्रमाणपत्र देण्याची तयारी दाखविली. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असताना शासनाने काटछाट न करता प्रमाणपत्र देण्याचे मान्य केले, तेव्हा अब्बास यांनी पूर्वपरीक्षणाच्या तत्त्वालाच आव्हान दिले. २४ सप्टेंबर १९७० च्या निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी पूर्वपरीक्षण वैध ठरविले. मात्र लैंगिक विषय आणि अश्लीलता या एकच गोष्टी नव्हेत, आणि विषय कोणता यापेक्षा तो कसा हाताळला आहे हे पाहावे लागते, असेही स्पष्ट केले.

हा निकाल घटनात्मक कायद्याच्या अभ्यासक्रमात शिकविला जातो, पण तो मुंबईच्या वेश्यावस्तीच्या काही क्षणांच्या चित्रणावरून उद्भवला, हे क्वचितच सांगितले जाते. शेकडो फूट मुजऱ्याला जी बाधा आली नाही, ती दाराखिडकीत उभ्या असलेल्या खऱ्या स्त्रियांच्या दर्शनाला आली. कारण त्या दृश्यांत शेवट नव्हता. त्या स्त्रिया मरत नव्हत्या, लग्न करीत नव्हत्या. दुसऱ्या दिवशीही तेथेच असणार होत्या.

त्याच वर्षी राजिंदरसिंग बेदी यांच्या 'दस्तक' ने (१९७०) जागेचा हा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. मुंबईत घर शोधणारे नवविवाहित जोडपे एका खोलीत राहावयास येते. तेथे पूर्वी नाचगाणे करणारी स्त्री राहत असे. तिची गिऱ्हाइके रात्रीबेरात्री दार ठोठावीत राहतात. घरंदाज स्त्री आणि वेश्या यांच्यात स्वभावाचा भेद असतो ही समजूत येथे एका पत्त्यापाशी कोसळते. नायिका रेहाना सुलतान या पुण्याच्या चित्रपट संस्थेच्या विद्यार्थिनी होत. ही संस्था प्रभातच्या जुन्या आवारात आहे, म्हणजे मैना जेथे घडली तेथेच.

१९७२

१९७२ हे वर्ष या संदर्भात विलक्षण ठरते. फेब्रुवारीत कमाल अमरोही यांचा 'पाकीज़ा' प्रदर्शित झाला. त्याचा आरंभ १९५६ च्या सुमारास, म्हणजे कायद्याच्याच काळात झालेला होता. साहिबजान (मीनाकुमारी) हिची वरात कोठ्यावरून निघते, हा त्याचा शेवट भव्य आहे. परंतु ती प्रतिष्ठित घराण्याची कन्या असल्याचे आधी उघड व्हावे लागते. तिला स्वीकारले जाते ते तवायफ म्हणून नव्हे, रक्ताच्या नात्यामुळे. मुझफ्फर अली यांचा 'उमराव जान' (१९८१) या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. उमराव (रेखा) फैजाबादला आपल्या घराच्या दाराशी पोहोचते आणि सख्खा भाऊ तिला परत पाठवितो.

मराठीत त्याच वर्षी 'पिंजरा' आला. जर्मन चित्रपट 'द ब्लू एंजल' (१९३०) चे बीज घेऊन शांतारामांनी ते तमाशाच्या फडात रुजविले. 'सांगत्ये ऐका' (१९५९) नंतर तमाशापटांची जी लाट आली होती, तिचे हे शिखर म्हणता येईल. तमासगीर स्त्री ही वेश्या नव्हे. ती कलावंत आहे. परंतु तमाशापटांनी हा भेद बेमालूमपणे पुसला आणि त्याचा दुहेरी लाभ घेतला. प्रेक्षकाला शृंगार मिळाला आणि निर्मात्याला वेश्याजीवनाविषयी काहीच सांगण्याची जबाबदारी घ्यावी लागली नाही. फडावरच्या स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना काय भोगावे लागते, ते पुढे किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनाने सांगितले; चित्रपटाने त्यापूर्वी ते सांगितले नव्हते.

आणि १९७२ सालीच नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. एकाच वर्षी पडद्यावर गुलाबी महाल आणि तमाशाचा फड, आणि पुस्तकात कामाठीपुऱ्याचा परिसर! मराठी कवितेने जो भूभाग ओलांडला, तेथे मराठी चित्रपट पोहोचला नाही. मात्र तेंडुलकरांच्या लेखनातून त्याची एक वाट पुढे फुटली.

हलविण्याचे राजकारण

ती वाट म्हणजे 'उंबरठा' (१९८२). शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट वेश्यांविषयीचा म्हणून ओळखला जात नाही, आणि तसा तो नाहीही. महिलाश्रमात नाना प्रकारच्या निराधार स्त्रिया आहेत. तरीही या निबंधाच्या दृष्टीने तो मध्यवर्ती आहे. इतर चित्रपट जेथे संपतात, म्हणजे स्त्री 'सुटली' आणि सुरक्षित जागी पोहोचली, तेथे हा सुरू होतो. अधीक्षक सुलभा महाजन (स्मिता पाटील) हिला भ्रष्टाचार, व्यवस्थापक मंडळाची बेपर्वाई आणि राजकीय दडपण यांना तोंड द्यावे लागते. अखेर तिलाच बाहेर पडावे लागते. कायद्यातील कलम १७ ची इमारत आतून कशी असू शकते, हे दाखविणारा इतका समर्थ दुसरा मराठी चित्रपट सांगता येणार नाही.

लगेच पुढच्या वर्षी श्याम बेनेगल यांचा 'मंडी' (१९८३) आला. गुलाम अब्बास यांच्या 'आनंदी' या उर्दू कथेत नगरपालिका ठराव करून वेश्यांना शहराबाहेर ओसाड जागी हलविते. त्यांच्याभोवती दुकाने, देवस्थाने, वस्ती वाढत जाऊन नवे शहर उभे राहते. आणि कालांतराने त्या शहराची नगरपालिका पुन्हा तोच ठराव चर्चेला घेते. बेनेगल यांनी या कथासूत्रात जमिनीचे व्यवहार, समाजसेविका आणि कोठ्याची मालकीण रुक्मिणीबाई (शबाना आझमी) यांची भर घातली. कलम २० चे इतके मार्मिक भाष्य कोणत्याही विधिग्रंथात नसेल. नीती हे निमित्त असते आणि जागेची किंमत हे कारण असते, हे 'मंडी' हसतखेळत सांगतो. रुक्मिणीबाई साध्वी नाही, बळीही नाही. ती संस्था चालविणारी, हिशेब ठेवणारी, लबाड आणि प्रेमळ बाई आहे. अशा स्त्रीला कथेची नायिका होऊ देणे, हीच मोठी गोष्ट होती.

मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे!' (१९८८) मध्ये कॅमेरा प्रत्यक्ष कामाठीपुऱ्यात गेला. सामान्यतः आठवतो तो चायपाव हा मुलगा. परंतु रेखा (अनिता कंवर) आणि तिची लहान मुलगी मंजू यांचे उपकथानक अधिक भेदक आहे. पोलिसांनी पकडलेल्या मंजूला परत मागण्यासाठी रेखा सरकारी कार्यालयात जाते आणि आई वेश्या असल्याच्या कारणाने तिला मुलगी नाकारली जाते. तेथे ओरडाआरडा नाही, दुष्ट माणूसही नाही. अधिकारी आपले काम करीत आहे. 'सडक' (१९९१) मध्ये महाराणीसारखा भडक खलनायक (सदाशिव अमरापूरकर) उभा केला की सारे पाप त्याच्या माथी मारता येते; रेखासमोरच्या कार्यालयीन टेबलाला असा चेहरा नाही. म्हणूनच तो प्रसंग मनातून जात नाही.

राजीव पाटील यांच्या 'जोगवा' (२००९) चा येथे ओझरता उल्लेख करावयास हवा. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांचा आधार घेतलेल्या या चित्रपटात कुंटणखाना नाही. देवाला सोडल्यामुळे स्त्रीपुरुषांचे सारे आयुष्य कसे जखडले जाते, ते आहे. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलन अधिनियम २००५ चा. चित्रपट त्यानंतर चार वर्षांनी आला. कायदा जे बंद झाले असे मानतो ते चालू कसे राहते, हे त्याने दाखविले.

२०२२

संजय लीला भन्साळी यांचा 'गंगूबाई काठियावाडी' २५ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. नेपथ्य झगमगीत आहे आणि इतिहासाशी त्याने बरीच मोकळीक घेतली आहे. परंतु त्याची नायिका (आलिया भट) मरत नाही, लग्न करीत नाही, गाव सोडीत नाही. ती कामाठीपुऱ्यातच राहते आणि तेथून हलविण्यालाच विरोध करते. लोकप्रिय चित्रपटात हे नवे होते. प्रदर्शनापूर्वी चित्रपटाविरुद्ध न्यायालयांत अर्ज झाले, ते फेटाळले गेले. त्यांपैकी एक तक्रार अशी होती की कामाठीपुऱ्याचे नाव या चित्रपटामुळे डागाळेल. तेथे वेश्याव्यवसाय ओसरत चाललेला, पुनर्विकासाची चर्चा चालू, आणि रहिवाशांना आपला पत्ता बदनाम नको. 'दस्तक' मधील जोडप्याची आठवण येथे अपरिहार्य आहे.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १९ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात आदेश दिला. त्याला न्यायालयानेच २०११ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींचा आधार होता. आई या व्यवसायात आहे एवढ्याच कारणावरून मुलाला तिच्यापासून वेगळे करू नये, अशी एक शिफारस त्यांत होती. छाप्याच्या वेळी या स्त्रियांची छायाचित्रे व नावे उघड होऊ नयेत, याचाही विचार होता. राज्य शासनांना दिलेल्या निर्देशांत आणखी एक गोष्ट होती. या कायद्याखालील सर्व संरक्षणगृहांची पाहणी करावी, आणि तेथे इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांच्या प्रकरणांचा फेरविचार करून ठरावीक मुदतीत त्यांच्या सुटकेची कार्यवाही करावी. तेव्हा 'उंबरठा' प्रदर्शित होऊन चाळीस वर्षे झाली होती.